ड्रमसेट नसलेला बँड

रायपूरच्या तात्यापाऱ्यात वाढलेल्या आमच्यासारख्या मराठी पोरांच्या कानावर तेव्हा संगीत म्हणून काय पडायचं? घरात नाट्यगीतं, विसर्जनाला धुमाल, आणि चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीत भावगीतं. रॉक ही कॉलेजात शिरल्यावर लागलेली चटक. रॉक म्हणजे लांब केस, इंग्रजी गाणी आणि ड्रमसेट, एवढं आमचं ज्ञान. केस वाढवले होते. इंग्रजी गाणी उच्चारांसकट ओढूनताणून म्हणत होतो. ड्रमसेट मात्र कुणाच्याच बापाला परवडणारा नव्हता, त्यामुळे बँडचं घोडं तिथेच अडलं होतं. आमच्यातला एक जण तबला छान वाजवायचा, मंडळात आरत्यांना त्याचीच साथ. पण बँडच्या हिशेबात आम्ही त्याला प्रेक्षकांत धरत होतो.

२००० साली नागपूरहून आलेल्या आतेभावाच्या बॅगेत टाइम्स म्युझिकची एक नवी कॅसेट निघाली. ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडचा ‘कंदीसा’. गाणी सातच, पण बहुतेक चांगली लांबलचक. इंडीपॉपच्या आटोपशीर गाण्यांचा तो जमाना. एवढी ऐसपैस गाणी कोण ऐकणार, असं वाटलं. पहिली बाजू संपली तरी कुणी उठलं नाही. सुस्मित सेनच्या गिटारीवर सतारीसारखी मींड ऐकू येत होती. राहुल रामचा बेस, अमित किलामचे ड्रम्स. आणि या सगळ्याच्या मधोमध असीम चक्रवर्तीचा तबला, तोही स्वतः गाता गाता वाजवलेला.

आमचा तबलजी ताडकन उठला. “अबे, हे तर मी रोज वाजवून राहिलो ना!”

त्या संध्याकाळी तो प्रेक्षकांतून बँडमध्ये आला.

पुढे या मंडळींची हकीकत वाचायला मिळेल तिथून वाचली. सुस्मित आणि असीम १९८४ पासून एकत्र वाजवत होते, १९९० मध्ये त्याचा बँड झाला. ‘इंडियन ओशन’ हे नाव सुस्मितच्या वडिलांनी सुचवलेलं. १९९३ मध्ये एचएमव्हीने पहिला अल्बम काढला. १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत रंगकर्मी सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ ‘सहमत’ या संस्थेचा कार्यक्रम झाला, तिथलं वादन ध्वनिमुद्रित झालं आणि तोच ‘डेझर्ट रेन’ नावाने दुसरा अल्बम म्हणून बाहेर आला. तरी घरोघरी पोचवलं ते ‘कंदीसा’ने. दोन माणसं सोळा वर्षं एकत्र वाजवतात, तेव्हा कुठे तिसऱ्या अल्बमला नाव होतं! आम्हाला पुढच्या गणपतीपर्यंत नाव हवं होतं.

‘कंदीसा’ हे शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चन चर्चमधल्या प्राचीन प्रार्थनेवर बेतलेलं. ‘हिल्ले ले’ कवी गोरख पांडेंचं, भोजपुरी. आणि ‘माँ रेवा’ नर्मदाकाठचं लोकगीत. राहुल राम हा अमेरिकेत कॉर्नेलला पीएचडी केलेला माणूस, परत येऊन नर्मदा बचाव आंदोलनात उतरला; तिथल्या मुक्कामात हे गाणं त्याच्यासोबत आलं.

‘माँ रेवा’चा बेस बसवताना आम्ही ती कॅसेट इतकी मागे-पुढे केली की टेप आत गुंडाळायला लागली, मग पेन्सिल घालून गुंडी फिरवायची. बेस गिटार कुणाकडेच नव्हती, साध्या गिटारीच्या वरच्या दोन जाड तारांवर काम भागवलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “रेवा म्हणजे आपली नर्मदाच की रे! आणि एवढी बदडता कशाला तिला?” आमच्याकडे नर्मदेच्या उगमाशी, अमरकंटकला जाणं नवीन नव्हतं. बिलासपूर, पेंड्रा रोड आणि पुढे मोटारीने वर. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि अमरकंटक मध्य प्रदेशात राहिलं. मोठ्यांत त्याची चर्चा बरेच दिवस चालली. आम्हाला त्यापेक्षा तिहाई समेवर येते की नाही याची काळजी.

मंडळाच्या स्टेजवर गाणं झालं. तबला, दोन गिटारी, एक खंजिरी. पहिल्या रांगेतल्या एका काकांचा अभिप्राय असा: “तबला उत्तम. गिटारींचं नंतर बघू.” मला आजही तो अभिप्राय बरोबर वाटतो. बँड पुढे नोकऱ्यांनी मोडला, तबलजी अजून वाजवतो.

असीम २५ डिसेंबर २००९ रोजी गेला, त्याला प्रत्यक्ष ऐकायचं राहिलंच. पुढच्या वर्षी ‘पीपली लाइव्ह’ चित्रपट आला. त्यात इंडियन ओशनचं ‘देस मेरा’ आहे आणि नगीन तन्वीरांच्या आवाजातलं ‘चोला माटी के राम’ हे छत्तीसगढीही. नगीन या आमच्या रायपूरला जन्मलेल्या रंगकर्मी हबीब तन्वीरांच्या कन्या. गावात त्या गाण्याचं जास्त कौतुक झालं, आणि ते रास्तच.

‘कंदीसा’ ऐकला नसेल तर सुरुवात ‘माँ रेवा’पासून करा. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यावर बेस लागत नाही आणि निम्मं गाणं हातचं जातं.