घरघर

म्हैसूर शहराच्या वायव्येला गोकुलम ही वस्ती आहे. २००२ मध्ये पट्टाभि जोईस यांची योगशाळा लक्ष्मीपुरमहून येथे आली आणि देशोदेशीचे साधक पहाटेच्या अंधारात चटया खांद्यावर टाकून या गल्ल्यांतून जाऊ लागले. अशोकपुरमच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झाल्यावर अण्णा, माझे वडील, याच वस्तीत राहत होते. २०१४ च्या डिसेंबरात मी पुण्याहून गेलो, तो मनाशी निश्चय करूनच. आईला जाऊन वर्ष झाले होते आणि अण्णांना अठ्ठ्याहत्तरावे लागले होते. जुनी गाडी विकायची, घराला कुलूप लावायचे आणि त्यांना घेऊन यायचे, असे मी ठरवले होते.

दुसऱ्याच दिवशी गाडी सुरू केली, तर इंजिनाच्या बाजूने कोरडी घरघर ऐकू आली. अण्णांना तिचा पत्ताच नव्हता. कानाच्या जुन्या दुखण्यामुळे त्यांना बेताचेच ऐकू येत असे. गॅरेजमधल्या मेकॅनिकने झाकण उघडून क्षणात निकाल दिला : अल्टरनेटर गेला, नवा बसवा, साडेचार हजार रुपये. मला हे सोयीचेच वाटले. मोडीत निघालेल्या गाडीवर एवढा पैसा कशाला, असे म्हणायला निमित्त मिळाले होते.

अण्णांनी मात्र एवढेच विचारले, “गेला म्हणजे त्यातलं नेमकं काय गेलं?”

घरी आल्यावर त्यांनी लांब दांड्याचा पेचकस काढला. खंडेनवमीला, म्हणजे म्हैसूरच्या आयुधपूजेला, लावलेले कुंकू अजून त्याच्या मुठीवर पुसटसे होते. मला इंजिन सुरू करायला सांगून, फिरत्या पट्ट्यापासून हात जपत, त्यांनी पेचकसाचे टोक अल्टरनेटरच्या अंगावर टेकवले आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. हवेतून न पोचणारा आवाज लोखंडातून आणि हाडातून त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांचा चेहरा उजळला. इंजिन बंद करून त्यांनी पट्टा उतरवला आणि मला पुली हाताने फिरवायला लावली. बोटांना वाळू दळल्यासारखी खरखर जाणवली. “पुढचं बेअरिंग. बाकी काही नाही,” ते म्हणाले.

अल्टरनेटरचा दांडा इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरतो. पट्ट्याचा सगळा ताण पुढच्या बेअरिंगवर येतो आणि उष्णतेने त्यातले ग्रीस हळूहळू सुकते. मग छरे आणि त्यांची वाट एकमेकांना खाऊ लागतात. तांब्याची वेटोळी, लोखंड, डायोड शाबूत असतात. तरी आवाज सगळ्या यंत्राच्या नावावर जातो. दुर्लक्ष केले, तर मात्र दांडा डळमळतो, आतला रोटर भोवतालच्या गाभ्याला घासतो आणि तेव्हा सारेच खरोखर जाते.

बॅटरीची तार सोडवून आम्ही अल्टरनेटर बाहेर काढला. दोन्ही झाकणांच्या सांध्यावर खडूची एक रेघ ओढली, म्हणजे जोडताना चूक होऊ नये. अण्णांचे हात कापत होते, म्हणून हात माझे आणि सांगणे त्यांचे. जुन्या बेअरिंगच्या कड्यावर ६२०३ हा आकडा कोरलेला होता. हा आकडा सांगितला की जगाच्या कोणत्याही बाजारात तेच माप मिळते : आतला व्यास १७ मिलिमीटर, बाहेरचा ४०, रुंदी १२. दुकानात पुढचे आणि मागचे धाकटे, अशी दोन्ही बेअरिंगे मिळून पाचशेच्या आत मिळाली.

बसवताना मी हातोडी उचलली, तेव्हा अण्णांनी माझे मनगट धरले. “जे कडं घट्ट बसायचं आहे, त्यालाच दाब द्यायचा. झाकणात बसवताना बाहेरच्या कड्याला, दांड्यावर चढवताना आतल्या. उलटं केलंस तर मार मधल्या छऱ्यांना बसतो. वरून दिसत नाही, पण पुन्हा घरघर लागते.”

प्रत्येक वेळी दुरुस्तीच करावी, असा त्यांचा हट्ट नव्हता. झाकणातली बैठकच झिजून बाहेरचे कडे सैल फिरू लागले असते, तर त्यांनी नवा अल्टरनेटर घ्यायला सांगितले असते. पण तेही उघडून पाहिल्यानंतर.

संध्याकाळी इंजिन सुरू झाले. मीटरचा काटा चौदा व्होल्टच्या आसपास स्थिरावला. अण्णांनी पेचकस माझ्या हाती दिला. मी मूठ कानामागे टेकवली. आत एकसंध, शांत गुंजन होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अण्णा थकले, हा निकाल मी पुण्यातच देऊन आलो होतो. नेमके काय थकले, हे त्यांना विचारलेच नव्हते. सकाळी कॉफी पिताना, थोडे मोठ्याने, विचारले.

बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “दिवेलागणीला घरात कोणी नसतं. तेवढंच सोसत नाही. बाकी सगळं फिरतं आहे.”

महिन्याभरात वरच्या खोलीत शिकायला आलेला एक मराठी मुलगा राहू लागला. रात्री तो अण्णांबरोबर जेवत असे आणि त्यांच्याकडून कन्नड शिकत असे. अण्णा गोकुलममध्ये आणखी चार वर्षे राहिले. गाडी मग मीच पुण्याला आणली. तो पेचकस अजून तिच्या डिकीत आहे. दसऱ्याला मी त्याला कुंकू लावतो.