फुरसुंगीचा मुलगा आणि करंज्याचे वाचक

‘रंजनप्रधान’ हा शब्द एकदा उच्चारला की मराठी समीक्षेतील पुष्कळशा चर्चा तेथेच थांबतात. या शब्दाचा आव वर्णनाचा असतो, पण काम तो निवाड्याचे करतो. आणि निवाडा झालेल्या प्रकरणाची कागदपत्रे सहसा पुन्हा कोणी उघडत नाही. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या फास्टर फेणेच्या वाट्याला हेच आले. त्याच्यावर लिहिले गेले नाही असे नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि स्मरणरंजनाच्या लेखांतून तो वारंवार डोकावतो. परंतु बालसाहित्याची चर्चा संस्काराच्या अंगाने करायची आणि विनोदाची चर्चा करताना कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, पु. ल. या महामार्गावरून खाली उतरायचे नाही, अशी आपली रीत असल्यामुळे, विसाच्या आसपास पुस्तकांतून धावणाऱ्या या सायकलस्वाराला थांबवून त्याच्या वाचकाला काही विचारावे असे समीक्षेला वाटले नाही. मी त्या वाचकांपैकी एक आहे. माझा अनुभव प्रातिनिधिक आहे असे म्हणण्याचे मला काही कारण नाही; उलट तो थोडा आडवळणाचा आहे म्हणूनच सांगण्यासारखा आहे.

ही पुस्तके मी उरण तालुक्यातील करंज्यात वाचली. करंजा म्हणजे द्रोणागिरीच्या पायथ्याचे, खाडीपलीकडच्या रेवसकडे तोंड करून बसलेले मासेमारीचे गाव. आमच्याकडे वाचनाचा हंगाम पावसाळा. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला पसरलेली, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत घरातील पुरुषमाणसे घरात. अशा दिवसांत एखादे फाटके पुस्तक हाती आले तर ते एकट्याने वाचण्याचा प्रश्नच नसे. माझा चुलतभाऊ, आम्हा सगळ्यांचा दादूस, ते मोठ्याने वाची आणि सहासात जण ऐकत. शिवणाऱ्यांचे हात चालू असत. त्यांचे लक्ष नाही असे वाटावे, आणि नेमक्या जागी हसू यावे ते त्यांच्याच बाजूने.

आमच्याकडे मालिका क्रमाने कधीच आली नाही. ‘जवानमर्द फास्टर फेणे’ आधी आले, ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ केव्हातरी नंतर. एका पुस्तकाची पहिली पाने गेलेली, दुसऱ्याची शेवटची. तरी कोणाचे काही अडले नाही. मालिका-कादंबरीच्या रूपबंधाविषयी मला पुढे जे काही सुचले त्याचे मूळ येथे आहे. प्रत्येक पुस्तकात बनेश फेणे नव्याने सादर करावा लागतो: त्याची काटकुळी अंगकाठी, त्याची सायकल, जिभेने काढलेला तो ‘ट्टॉक’. एकसंध कलाकृतीच्या कसोटीवर ही पुनरुक्ती आहे, आणि पुनरुक्ती हा दोष आहे. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो प्रवेश आहे. दशावतारात संकासुराच्या येण्याला प्रेक्षक कंटाळत नाही. तो येणार हे ठाऊक असते म्हणून तर लोक पुढे सरसावून बसतात. दादूस ‘ट्टॉक’ या शब्दापाशी आला की थांबे, आणि तो आवाज आम्ही काढायचा असे. संहितेतील ती जागा जणू वाचकासाठी मोकळी ठेवली होती. ‘वाचकाचा सहभाग’ ही संज्ञा मी बऱ्याच वर्षांनी वाचली. तिचे विवेचन मला कधी अवघड गेले नाही.

या सहभागाला भोळेपणा समजू नये. ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’ वाचले जात असताना जाळे शिवणारा एक तांडेल मान वर न करता म्हणाला, “याचा बापूस कधी दर्यान गेलाय का?” सगळे हसले, दादूसही हसला आणि पुढे वाचू लागला. या हसण्याचे पृथक्करण मी अनेकदा करून पाहिले आहे. त्यात लेखकाच्या अनुभवाची मर्यादा पकडल्याचा आनंद होता. तरीही पुस्तक बाजूला ठेवावे असे कोणाला वाटले नाही, त्या तांडेलाला तर नाहीच. पुढे काय झाले हे दुसऱ्या दिवशी त्यानेच विचारले. वादळ ज्याच्या घरातील माणसे नेते त्याला वादळातून सुखरूप बाहेर पडणारा पोरगा खोटा वाटतो, आणि हवाही वाटतो. पण तो खोटा आहे हे आधी मोकळेपणाने म्हणता आले पाहिजे. चाहता तोच, ज्याला ही मुभा आहे. निष्ठा आणि चिकित्सा यांचे इतके सहज साहचर्य मला चर्चासत्रांत क्वचितच आढळले आहे.

वास्तविक या मालिकेचा खरा धर्म अद्भुताचा आहे, आणि तिचा विनोद त्या अद्भुतातूनच येतो. पुण्यातील विद्याभवन शाळेचा एक किडकिडीत विद्यार्थी १९६२च्या चीन-युद्धाच्या धुमाळीत जाऊन पोहोचतो आणि परत येऊन जणू सहलीहून आल्यासारखा वागतो, यात संभाव्यतेचा आग्रह कोणी धरू नये. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या, ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ लिहिणाऱ्या भागवतांना अशक्याची वाट ठाऊक होती. फेणेच्या बाबतीत त्यांनी एवढेच केले की तोफ, धूमकेतू इत्यादी सामग्री काढून घेतली आणि अशक्याला सायकलवर बसवले. मराठी कादंबरीचा आरंभ ‘मुक्तामाला’सारख्या (१८६१) अद्भुतरम्य कथांपासून झाला, आणि हरिभाऊंच्या नंतर वास्तवाची प्रतिष्ठा वाढली तसे ते अद्भुत मुलांच्या खोलीत ढकलले गेले. तेथे ते हसू लागले, हे त्याचे भाग्यच म्हणायचे.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात फार लवकर आली होती. फेणे पुण्याचा नव्हे, फुरसुंगीचा. त्याची भाषा पुण्याची, शाळा पुण्याची, मित्र सुभाष देसाई पुण्याच्या वर्गातला. पण नावामागे गाव चिकटलेले. मालिकेत कोळ्या-आगऱ्यांचे जग नाही, हे सांगायला समीक्षकाची गरज नाही. ते नाही हे आम्ही ऐकतानाच ओळखत होतो. परंतु शहराला लागून असलेल्या आणि शहराच्या हिशेबात न धरल्या जाणाऱ्या गावाचा पोरगा शहरातल्यांच्या पुढे निघून जातो, एवढा दुवा आम्हाला पुरला. फुरसुंगीच्या वाट्याला पुढे पुण्याचा कचरा डेपो आला. आणि आमच्या तालुक्यात तेलाचे प्रकल्प आले, न्हावा-शेव्याचे बंदर आले, जमिनीच्या भावासाठी १९८४च्या जानेवारीत आंदोलन झाले, त्यात गोळीबारात माणसे गेली. या दोन गोष्टी शेजारी ठेवण्याचा अधिकार भागवतांच्या संहितेने मला दिलेला नाही. तो मी वाचक म्हणून घेतला आहे. मालिकेचा वाचक पुस्तकांच्या मधल्या मोकळ्या जागेतही वाचत असतो, आणि त्या जागेत त्याचे स्वतःचे गाव शिरणे अटळ असते.

मालिकेतील काळाचा प्रश्न याहून अवघड आहे. १९६०च्या दशकापासून लिहिला जाऊनही बन्या शाळेतच राहतो. इंग्रजीत रिचमल क्रॉम्टन यांच्या विल्यमचे असेच झाले: १९२२ ते १९७० एवढ्या काळात महायुद्ध येऊन गेले, हा अकराच वर्षांचा. याच्या उलट टेरी प्रॅचेटचे ‘डिस्कवर्ल्ड’. १९८३ ते २०१५ या काळातील एक्केचाळीस विनोदी अद्भुत कादंबऱ्या. कासव, त्याच्या पाठीवर चार हत्ती, त्यांच्या पाठीवर थाळीसारखी पृथ्वी, म्हणजे आपल्या आजीला परके वाटू नये असे विश्व. तेथे मात्र माणसे वयाने वाढतात. रात्रपाळीच्या पहाऱ्याचा मद्यपी नायक सॅम व्हाइम्स पुढे संसारी होतो, सरदार होतो, आणि त्या बढतीने अवघडतो. त्या मालिकेचे वाचक कोणते पुस्तक आधी वाचावे यावर वाद घालतात, तक्ते काढतात. आमच्याकडे तक्ता शक्य नव्हता, कारण काळच नव्हता. न वाढणारा नायक वाचकाला पुन्हापुन्हा पहिल्या ठिकाणी उभे करतो. वाढणारा नायक त्याला बरोबर घेऊन जातो. यांतील पहिल्याला बालिश आणि दुसऱ्याला प्रौढ ठरवण्याची घाई मला मान्य नाही. पावसाळ्यात बसलेल्या माणसांना न बदलणारे काहीतरी लागते, कारण पौर्णिमेनंतर काय होईल याची खात्री नसते.

२०१७ साली ‘फास्टर फेणे’ चित्रपट आला. १९८७च्या दूरदर्शन मालिकेत सुमीत राघवनने शाळकरी बन्या केला होता. येथे अमेय वाघचा फेणे तरुण आहे, प्रवेशपरीक्षेतील काळ्या व्यवहाराचा माग काढतो, आणि स्वतः भागवत पात्र होऊन येतात, दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने. ज्या नटाने एके काळी दूरदर्शनवर चिमणराव उभा केला त्याने फेणेच्या जनकाची भूमिका करावी, हा योग मराठी विनोदाच्या इतिहासकाराने टिपून ठेवावा असा आहे. मला चित्रपट आवडला. नायकाला वाढवायचे तर त्याच्याभोवतीचे जगही तितकेच काळे करावे लागते, हे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांना कळले आहे असे मला वाटले, आणि हे मी दादूसला बराच वेळ समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले. आता तो साठी ओलांडलेला, होडी मुलाच्या स्वाधीन केलेला गृहस्थ आहे. चित्रपट पाहायला तो गेला नाही. “मोठा झाला तर मंग तो फेणे कसला?” एवढेच म्हणाला. यावर व्हाइम्सचे उदाहरण माझ्याजवळ तयार होते, पण तोवर त्याने नातीला हाक मारून पुस्तक मागवले होते आणि चष्मा शोधायला सुरुवात केली होती.