स्वस्त वाद्याची पारख

अल्प मोलाची वस्तु ही हलकीच असावयाची, अशी बहुतेकांची समजूत असते. आणि बाजारांतील अनुभव पाहतां ती अगदींच निराधार आहे असें म्हणवत नाहीं. परंतु अमुक वस्तु स्वस्त झाली ती कशामुळें, हा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात. कोठें काटकसर करावी आणि कोठें करूं नये, हें जाणून जी वस्तु घडविली जाते ती स्वस्त असूनही सच्ची असते. याचें एक उत्तम उदाहरण आम्हांस जुन्या काळच्या विजेच्या गिटारींत आढळलें. तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, असें वाटतें.

नेथन डॅनियल या गृहस्थानें अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत १९४७ सालीं डॅनेलेक्ट्रो नांवाचा कारखाना काढला. आरंभीं तेथें ध्वनिवर्धक यंत्रें होत. १९५४ पासून गिटारीही होऊं लागल्या. सीअर्स ही मोठी व्यापारी कंपनी त्यांतील पुष्कळशा गिटारी ‘सिल्व्हरटोन’ या नांवानें आपल्या सूचिपत्रांतून टपालानें विकीत असे. १९६२ सालीं निघालेल्या एका प्रकारांत तर गिटारीची पेटी हेंच ध्वनिवर्धक यंत्र होतें, आणि या सगळ्याची किंमत होती सुमारें ६८ डॉलर. १९५४ सालीं फेंडर कंपनीच्या प्रसिद्ध स्ट्रॅटोकास्टर गिटारीस एकटीलाच २४९ डॉलर ५० सेंट पडत. हें लक्षांत घेतलें म्हणजे ६८ डॉलरांत किती कांहीं मिळत होतें, हें कळून येईल.

मग या गिटारीचें अंग कशाचें होतें? पॉप्लर किंवा देवदाराच्या जातीच्या साध्या लांकडाची एक चौकट. तिच्या पुढें व मागें मॅसोनाइट नांवाच्या हार्डबोर्डाचे तक्ते. आणि कडेचे सांधे झांकण्यासाठीं सभोंवार चिकटविलेली एक पट्टी. हा हार्डबोर्ड विल्यम मेसन यानें १९२४ सालीं शोधून काढला. लांकडाच्या चिपळ्या वाफेच्या दाबाखालीं ठेवून एकदम मोकळ्या केल्या कीं त्यांचे तंतु सुटे होतात. ते तापवून दाबले म्हणजे लांकडाच्या अंगच्याच चिकट द्रव्यानें त्यांचा घट्ट तक्ता बनतो. गिरणींत वांया जाणाऱ्या लांकडाचें वाद्य करणें ही फसवणूक नव्हे काय, असें कोणी विचारील.

येथेंच विचाराची गरज आहे. साध्या गिटारींत नाद वाढविण्याचें काम लांकडाचा पातळ पडदा करतो. तेथें लांकूड हलकें निघालें तर सर्व नासलें. विजेच्या गिटारींत तारेखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. पोलादी तार कंप पावली कीं त्या वेटोळ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो आणि तोच पुढें मोठा केला जातो. अर्थात् अंगाच्या लांकडावर येथें तितका भार नाहीं. डॅनियलनें हें ओळखलें आणि पैसा तेथें वांचविला. चुंबक व वेटोळें ठेवण्यास त्यानें लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या घेतल्या. त्या स्वस्त तर होत्याच, शिवाय बाहेरची विजेची गुणगुणही त्यांनीं कमी होई.

परंतु जेथें भार होता तेथें त्यानें हात आंखडला नाहीं. सहा तारांचा मिळून ताण चाळीस किलोंहून अधिक असतो, आणि तो सर्व दांडीवर येतो. त्यानें दांडीच्या पोटांत पोलादाच्या दोन पट्ट्या बसविल्या. या गिटारींत दोष नव्हते असें नाहीं. ओल लागली तर हार्डबोर्डाच्या कडा फुगत. घोडी एकाच लांकडी पट्टीची असल्यामुळें प्रत्येक तारेचा सूर वेगळा नीट जुळवितां येत नसे. पण हे दोष उघड होते. चकाकी देऊन झांकलेले नव्हते.

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका मुलाचे वडील आम्हांकडे आले. मिळकत बेताची, मुलगा गिटारीसाठीं आतुर. दुकानांत एक नवी, लखलखीत व पुष्कळ बटणांची, आणि दुसरी जुनी, रंग उडालेली. दोहोंची किंमत सारखीच. आम्हीं त्यांस म्हटलें, “बटणें मोजूं नका. दांडी डोळ्यापुढें धरून ती सरळ आहे कीं नाहीं तें पाहा. प्रत्येक पडद्यावर तार दाबून वाजवा. बाराव्या पडद्यावर तारेस नुसता स्पर्श करून निघालेला सूर आणि तेथेंच दाबून निघालेला सूर एक आहे कीं नाहीं तें ऐका.” नव्या गिटारीची दांडी वांकडी निघाली. त्यांनीं जुनी घेतली, आणि मुलगा आज ती रोज वाजवितो.

हें तत्त्व आपणांस नवें नाहीं. मिरजेचा तंबोरा सर्व हिंदुस्थानांत वाखाणला जातो. त्याचें अंग म्हणजे शेतांत पिकलेला एक भोपळा! भोपळ्यास कोण मोल देतो? परंतु तो निवडणारा डोळा आणि घोडीवर जवारी लावणारा हात, यांचें मोल कोण करूं शकेल? योगायोग असा कीं, डॅनेलेक्ट्रोनें १९६७ सालीं ‘कोरल’ नांवाची विजेची सतार काढली, आणि तिच्या घोडीची रचना आपल्या जवारीचाच झंकार निघावा अशा हेतूनें केलेली होती.

तो कारखाना १९६६ सालीं दुसऱ्यांच्या हातीं गेला व १९६९ सालीं बंद पडला. तथापि जिमी पेजसारख्या नामांकित वादकानें हार्डबोर्डाची तीच गिटार मोठमोठ्या सभांतून वाजविली, आणि १९९० नंतरच्या दशकांत त्याच नांवानें तशाच गिटारी पुन्हा निघूं लागल्या.

विद्यार्थिमित्रहो, वाद्य असो, पुस्तकांचें कपाट असो, कीं पावसाळ्याची छत्री असो, घेतांना प्रथम एवढेंच विचारा: हिच्यावर भार कोठें येणार, आणि करणाऱ्यानें तेथें काय घातलें आहे? वडिलांच्या कष्टाचा पैसा खर्चण्यापूर्वीं इतकी चौकशी करणें, हें तुमचें कर्तव्यच आहे.