पत्ता लिहायचा कुणासाठी?

कॉलेजात असताना मी पुण्यात कुरिअर वाटायचो. माझ्या वाट्याला सदाशिव पेठ आली होती. पाकिटावर नाव, घर क्रमांक आणि 'सदाशिव पेठ, पुणे ४११०३०' एवढंच असायचं; रस्त्याचं नाव क्वचितच. घर टिळक रस्त्याला, कुमठेकर रस्त्याला की आतल्या बोळात, हे नुसत्या क्रमांकावरून कळत नसे. त्यात कुणी घर क्रमांक लिही, तर कुणी सिटी सर्व्हे नंबर. वाड्याच्या जागी इमारत झाली तरी लोक जुनाच क्रमांक चालवत, आणि तो लिहिलेली पत्र्याची पाटी एखाद्या क्लासच्या फ्लेक्सखाली गेलेली असे.

मग देवच मदतीला यायचे, म्हणजे देवळांच्या खुणा. एका आजींना फोन लावला, "आजी, नागनाथ पारापाशी उभा आहे. पुढे कसं येऊ?"

"खुन्या मुरलीधर ठाऊक आहे ना?"

"नाही हो."

"मग पेठेत कुरिअर कसलं वाटता?"

एवढं सुनावून त्यांनी वाट मात्र चोख सांगितली: गिरणीवरून डावीकडे, बोळात आत, दुसरा जिना. फोनवरच्या नकाशाने मला त्याच घराच्या मागच्या भिंतीशी नेलं होतं.

पुढे नोकरीसाठी नेरुळला आलो. सिडकोने आखलेलं शहर, सेक्टर, प्लॉट नंबर; वाटलं, आता सुटलो. पण इथे प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे शहराच्या प्रत्येक भागात, सेक्टर पुन्हा एकपासून सुरू होतात. सेक्टर १० वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे आणि खारघरातही आहे. नोडचं नाव गाळलं की पार्सल भलतीकडेच जातं.

मग पिनकोड कशाला आहे, असं कुणी विचारेल. श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. पण त्याचे सहा आकडे टपाल कार्यालयापर्यंतच नेतात. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षरांचा डिजिपिन तर सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनापर्यंत पोचवतो. पण तळमजला आणि सातवा मजला त्याच चौकोनात येतात, आणि फाटक कोणत्या अंगाला आहे हेही त्यातून कळत नाही.

म्हणून पत्ता पहिल्यांदाच येणाऱ्या माणसासाठी लिहा. प्रवेश कोणत्या रस्त्याने, विंग कोणती, मजला कितवा, हे त्यात हवंच. पार्सल उशिरा आलं तर बिघडत नाही. पण रुग्णवाहिकाही त्याच पत्त्यावर यायची असते.