शहापूर-मुरबाडचा बाजार आणि पवईचे काचेचे दुकान

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा जव्हार, मोखाडा, वाडा तिकडे गेले. हे दोन तालुके ठाण्यातच राहिले. मुंबईच्या माणसाला हे तालुके नकाशावर दाखवता येतीलच असे नाही, पण सकाळी नळ सोडला की त्याची शहापूरशी गाठ पडते. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले, पुढे भातसा आले. दोन्ही शहापूर तालुक्यात. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी वाड्या-पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसावे लागते. पाणी कुठे जाते हे आपल्या लोकांना ठाऊक आहे. आता रानातली भाजी आणि वरकसातली नाचणीही त्याच वाटेने जाऊ लागली आहे. तिच्यामागे आम्ही कसे गेलो, त्याची ही हकिगत.

संस्थेच्या कामासाठी या भागात आमचे वरचेवर जाणे होते. कसाऱ्याच्या गाडीने आसनगावला उतरायचे आणि रिक्षाने शहापूर गाठायचे. बाजार पाहावा तो जूनच्या सुरुवातीला. पहिला पाऊस पडायच्या बेताला रानात शेवळं उगवतात. कातकरी आणि ठाकर बाया पहाटेच पाडा सोडतात आणि उजाडल्यावर रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसतात. ना तराजू, ना पाटी. समोर फक्त वाटे मांडलेले.

“मावशी, शेवळं कशी दिली?” आम्ही विचारले.

“ईस रुपयं वाटा, दादा. काकडंपन घ्या, नायतर घसा खवखवंल.”

विकत घेणाऱ्याला ती भाजी कशी करायची तेही सांगते. शेवळाची खाज काकडाच्या आंबट फळांनी मरते, ही विद्या कुठल्या शाळेत शिकवली जात नाही. पाऊस लागला की टाकळा, कुर्डू, भारंगी, बांबूचे कोंब येतात आणि मागून कर्टोली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी या भाज्या काही हौसेने शिजल्या नाहीत. आषाढात घरातले धान्य संपत आले की आई टाकळा खुडून आणी. भात नसेल तेव्हा नाचणीची भाकरी. शाळेच्या डब्यात ती काळी भाकरी दिसू नये म्हणून पोरे डब्याचे झाकण आडवे धरून खात. ती लाज अन्नाची नव्हती, परिस्थितीची होती. पण बोल अन्नाला लागला.

सरळगावमार्गे मुरबाड

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला आले की कल्याण-नगर रस्ता लागतो आणि तिथून मुरबाड. वाटेत पावसाळ्यात भाताची खाचरे, तर भात कापल्यावर भेंडी, काकडी, वांगी यांचे मळे. मुरबाडच्या बाजारात भाजीबरोबर सुकट, बोंबील, कांदा-लसूण, नाचणी, वरई, सुपे-टोपल्या असा सगळा संसार मांडलेला असतो. पौष पौर्णिमेला याच तालुक्यात म्हशाची यात्रा भरते. तिथला बैलबाजार आणि घोंगड्या दूरवर प्रसिद्ध आहेत. या भागाला बाजार नवा नाही. माल आहे, कष्ट आहेत, गिऱ्हाईकही आहे. नाही ते एवढेच की भाव ठरवताना बाईला कोणी विचारत नाही. दुपार टळली की शेवटची गाडी गाठायची घाई असते. मग उरलेले वाटे व्यापाऱ्याला येईल त्या भावाने द्यायचे. तो ते कल्याणला नेतो. तिथून पुढे कुठे, हे तिला माहीत नसते.

पुढचा पत्ता आम्हाला आमच्या नात्यातल्या एका मुलीमुळे लागला. ती वाशिंदला राहते. बारावी झाल्यावर पवईत नव्याने उघडलेल्या एका मोठ्या वाणसामानाच्या दुकानात कामाला लागली. “मामा, आमच्या दुकानात आजीची कर्टोली आल्यात, बघायला या,” म्हणाली. म्हणून एका रविवारी वाशिंदहून निघालो, ठाण्याला गाडी बदलून कांजूरमार्गला उतरलो आणि बसने पवईला गेलो.

काचेच्या आत

पवई ही मुंबईतल्या श्रीमंत उपनगरांपैकी एक. दुकानाला सगळीकडून काच, आत गारवा. कपाटांत ऑलिव्हचे तेल, परदेशी चीज, किन्वा. आणि त्यांच्याच शेजारी नाचणीची बिस्किटे, वरईचे पीठ आणि पारदर्शक डब्यात मोजून भरलेली कर्टोली. डब्यावर किंमत होती, कंपनीचे नाव होते. शहापूर नव्हते, मुरबाड नव्हते.

अशी दुकाने एका दिवसात आली नाहीत. मुंबईच्या कामगारवस्तीने १९४८ साली नायगावात ‘अपना बाजार’ उभा केला. भेसळ आणि काळ्या बाजारापासून कामगाराच्या घराला वाचवावे हा त्याचा हेतू, आणि मालक होते सभासद. पुढे २००२ साली डी-मार्टचे पहिले दुकान याच पवईत निघाले. आज त्यांची देशभरात चारशेहून अधिक दुकाने आहेत आणि आपलीही कुटुंबे महिन्याचे सामान तिथून भरतात. खास जिनसांची, श्रीमंत गिऱ्हाइकाची दुकाने वेगळी. गोदरेजने २००५ साली सुरू केलेली ‘नेचर्स बास्केट’ ही त्यातली नामांकित साखळी. २०१९ साली ती कोलकात्याच्या स्पेन्सर्सने विकत घेतली. २०१६ पासून महाराष्ट्रात फळे-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकण्याची मोकळीक झाली, त्यामुळे साखळी दुकानांना थेट शेतावरून माल घेणे सोपे झाले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि आपल्या नाचणीचा मान वाढला. काल गरिबीची खूण होती, आज आरोग्याची झाली.

आम्ही एक डबा उचलला, पाहिला, परत ठेवला. कोणी हटकले नाही. ही गोष्ट लहान नाही. आपल्या आजी-आजोबांना गावच्या दुकानात माल हातात घेता येत नव्हता. मीठ-मिरची वरून पदरात टाकली जाई, पैसे उंबऱ्यावर ठेवावे लागत आणि दुकानदार त्यावर पाणी शिंपडून उचली. भारतीय संविधानाच्या १५व्या कलमात धर्म, जात, लिंग यांवरून कोणालाही दुकानात जाण्यास अटकाव करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. १९४८ साली संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ व्यापक धरला. जिथे जिथे कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो ते सगळे त्यात येते, अगदी न्हाव्याचे आणि धोब्याचेही, असा त्यांचा खुलासा होता. काचेचे दार आपल्यासाठी उघडते ते मालकाच्या मेहेरबानीने नव्हे. मात्र आत शिरण्याचा हक्क मिळाला म्हणजे मालाच्या किमतीतला वाटा मिळाला असे नाही.

मुलीशी जेवणाच्या सुट्टीत बोललो. पहाटे साडेपाचला घर सोडते, दिवसभर उभी असते, बसायला स्टूल नाही. घरी पोहोचायला रात्रीचे नऊ वाजतात. तरी बोलताना खूश होती. “संगणकावर मालाची आवक मीच लिहिते, मामा.” आम्हाला बरे वाटले. आवक कशी लिहायची, नासका माल कसा वजा करायचा, किंमत कशी लावायची, हे तिला आले तर ती शिदोरी जन्मभर पुरेल.

साठ रुपयांचा हिशेब

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. समजा, पाड्यावरच्या बाईला एका वाट्याचे २० रुपये मिळाले आणि तेवढाच माल डब्यात ८० रुपयांना विकला गेला. मधले ६० रुपये कोणी खाल्ले असे ओरडणे सोपे आहे. पण त्यात टेम्पोचे भाडे आहे, निवडणे-धुणे आहे, नासाडी आहे, डबा आहे, दुकानाचे भाडे, वीज, त्या मुलीचा पगार आहे. हे खर्च खरे आहेत. प्रश्न निराळा आहे. या ६० रुपयांतली कोणती कामे पाड्यावर होऊ शकत नाहीत? निवडणे, वजन करणे, डब्यात भरणे, नाचणी दळून पीठ करणे आणि पाकिटावर गावाचे नाव छापणे. यातल्या कुठल्याही कामाला पवईची काच लागत नाही. एकत्र येणे आणि चोख हिशेब, एवढेच लागते.

ही नुसती कल्पना नाही. शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी रानातली गुळवेल गोळा करून, वाळवून विकायला सुरुवात केली. २०१८ साली सुरू झालेल्या वनधन योजनेचा आधार घेतला, संस्था केली, महाजालावरूनही विक्री केली. मोठमोठ्या औषधी कंपन्यांकडून त्यांना १ कोटी ५७ लाख रुपयांच्या मागण्या आल्याचे २०२१ साली केंद्र सरकारने जाहीर केले. ज्या समाजाला इंग्रजांनी गुन्हेगार ठरवले आणि सावकाराने वेठीला धरले, त्या समाजातली ही मुले. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर रानात राहणाऱ्यांचा मालकी हक्क मान्य केला आहे. कागद आपल्या बाजूचा आहे; तो वापरणारी माणसे हवीत.

आपल्या वस्त्यांतून महिला मंडळे आहेत, बचत गट आहेत. पुष्कळ गट कर्ज घेणे आणि फेडणे यातच अडकलेले असतात. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कातकरी, ठाकर भगिनींबरोबर आपल्या गटांनी हात मिळवला तर वाशिंद, टिटवाळा, कल्याण, उल्हासनगर इथल्या आपल्याच वसाहतींत नाचणीचे पीठ आणि रानभाजी थेट पोहोचू शकेल. पवईचे गिऱ्हाईक मिळेल तेव्हा मिळेल. आपल्या वसाहती तर समोरच आहेत. आपल्या शिकलेल्या मुलांनी रविवारचे दोन तास या गटांची वही लिहायला द्यावेत. ज्याच्या हाती वही, त्याच्या हाती भाव, हे आम्ही कचेरीत इतकी वर्षे पाहत आलो आहोत.

आणि घरातल्या माउलींना एक विनंती. उद्या मुलाच्या डब्यात नाचणीची भाकरी द्या आणि झाकण न धरता खायला सांगा. तीच नाचणी पवईत काचेच्या कपाटात मांडून ठेवली आहे, हेही त्याला सांगा. आणि ती वरकसातून कोणाच्या पाठीवरून इथवर आली, ते सांगायला विसरू नका.