रोजची एक ओळ

अर्धवट राहिलेली गोधडी नाही असे कष्टकऱ्याचे घर शोधूनही सापडायचे नाही. पलंगाखालच्या पेटीत, माळ्यावरच्या गाठोड्यात नाहीतर पत्र्याच्या डब्यात जुन्या सुती साड्या धुऊन, घडी घालून ठेवलेल्या असतात. 'पोरांच्या परीक्षा झाल्या की बसवू', 'पावसाळा लागण्याआधी उरकू' असे म्हणता म्हणता वर्ष सरते. त्यातून घरची बाई नोकरी करणारी आणि उरलेल्या वेळात वस्तीत, विहारात काम करणारी असली तर विचारायलाच नको. पहाटे पाणी भरण्यापासून सुरू झालेला दिवस रात्री भांडी पालथी घातल्यावरच संपतो. कुणाच्या रेशनकार्डाचा अर्ज, कुणाच्या मुलीचा जातीचा दाखला, रविवारी महिला मंडळाची बैठक. या धबडग्यात गोधडीला वेळ कुठला काढायचा?

माझ्याकडे अशा तीन गोधड्या पडून होत्या. एक भाचीच्या बाळासाठी, एक घरच्या वापराची आणि तिसरी आईच्या लुगड्याची. सात वर्षे त्या गाठोड्यातच होत्या. गेल्या दोन वर्षांत मात्र तिन्ही पूर्ण झाल्या. या दोन वर्षांत माझा दिवस काही मोठा झाला नाही. ऑफिस तेच, लोकल तीच, बैठकाही तेवढ्याच. बदलली ती फक्त मोजण्याची रीत. म्हणूनच भगिनींनो, हा अनुभव तुमच्यापुढे ठेवावासा वाटला.

मी कारकून आहे आणि शिक्षण बी. कॉम. आकडा मांडल्याशिवाय माझे समाधान होत नाही. म्हणून एका रात्री गोधडीचाही हिशेब मांडला. सहा फूट लांब, चार फूट रुंद गोधडी घेतली आणि एकेक इंचावर धावदोरा घालायचा ठरवले, तर उभ्या साधारण ४८ ओळी होतात. सुईवर एका वेळी चार-पाच टाके घेत गेले की सहा फुटांची एक ओळ माझ्या हाताने वीस मिनिटांत होते. म्हणजे सगळे काम सोळा तासांचे. सोळा तास म्हटले की छातीत धडकी भरते, पण वीस मिनिटे म्हटली की भरत नाही. वरणाचा कुकर थंड होईपर्यंत तेवढा वेळ जातोच.

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. हे दिवस साधारण नव्वद. ४८ ओळींना नव्वद दिवस, म्हणजे बेचाळीस दिवस चुकले तरी चालेल. पाहुणे येतील, ताप येईल, मोर्चा असेल, मार्चअखेरीसारखी ऑफिसात कधी रात्र होईल. हे सगळे हिशेबात धरूनही गोधडी वेळेत पुरी होते. तेव्हापासून आमच्या घरी गोधडी आषाढ पौर्णिमेला बसते. ज्या दिवशी ओळ होते त्या दिवशी कॅलेंडरवर एक रेघ मारायची. न झालेल्या दिवशी काही लिहायचे नाही आणि मनाला लावूनही घ्यायचे नाही.

काही काम प्रवासात करता येते, काही येत नाही. थर घातलेली गोधडी लोकलमध्ये उघडता येत नाही. पण वरच्या थराचे चौकोन पिशवीत मावतात. घरच्या वापराच्या गोधडीसाठी मी नऊ इंचांचे चौकोन कापले. शिवणीत चारही बाजूंनी अर्धा अर्धा इंच गेला की आठ इंच उरतात. एका ओळीत सहा, अशा नऊ ओळी म्हणजे ५४ चौकोन. सकाळी जाताना गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा सुईचे नाव काढायचे नाही. परतताना निदान चौथी सीट मिळते. लेडीज डब्यात कुणी मटार सोलते, कुणी मेथी निवडते, तिथे माझ्या सुईचे कुणाला नवल वाटत नाही. येताना दोन चौकोन जोडले तरी महिन्याभरात वरचा थर तयार होतो.

कापडाबद्दल एवढेच सांगते की सिंथेटिक साडीच्या मोहात पडू नका. ती दिसते छान, पण थरावरून घसरते, टाका धरत नाही आणि घामही शोषत नाही. जुने सुती लुगडे, धोतर, विटलेली सुती चादर हेच गोधडीचे खरे धन. जे विरले आहे ते आतल्या थरात घालावे आणि मजबूत आहे ते वर-खाली. सगळे थर ताणून, सुरकुती काढून, कच्च्या दोऱ्याने टाचून घेतले की निम्मी लढाई जिंकली. टाचण नीट नसेल तर पुढची ओळ वाकडी जाणारच.

आता एका प्रश्नाकडे वळते, कारण तो मला घरातूनच विचारला गेला. माझी मुलगी महाविद्यालयात शिकते, अभ्यास मंडळात जाते. ती म्हणाली, "आई, चिंध्या जोडणं ही आपली गरिबी होती. बाबासाहेबांनी आपल्याला त्यातून बाहेर काढलं आणि तू हौसेनं परत त्यात जातेस. ब्लँकेट घरपोच येतं." प्रश्न वाकडा नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले होते की, जातीची ओळख पटवून देणारी लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडा, तसले दागिने टाका. त्या बायकांनी ते ऐकले. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा आपला 'हक्क' मानला जाई, तोही बाबासाहेबांनी सोडायला लावला. मग गोधडी त्याच यादीत बसते का?

मी बराच विचार केला. मला वाटते, बसत नाही. मढ्यावरचे कापड लाजिरवाणे होते ते जुने होते म्हणून नव्हे, तर दुसऱ्याने टाकलेले आपण हात पसरून घ्यावे असा नियम होता म्हणून. आपल्या पगारातून घेतलेली, आपण नेसून विरलेली साडी ही आपली कमाई आहे. तिचे काय करायचे ते आपण ठरवायचे. त्यात गुलामी कसली?

या दोऱ्याची एक गोष्ट मी मुलीला सांगितली. ती आपल्या प्रत्येक मुलामुलीला माहीत असायला हवी. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे राबली, पण विणाई खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. त्या खात्यात मजुरी जास्त होती. धोट्यातला दोरा तुटला की कामगाराला तो तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आपल्या तोंडाला लागेल, आपण बाटू, असे म्हणून इतर कामगार त्यांना तिथे येऊ देत नसत. कापड चालत होते, घाम चालत होता, फक्त ओठ चालत नव्हते. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे खडसावून मांडला. माझे आजोबा रिंग खात्यात होते. विणाई खाते त्यांनी दारातूनच पाहिले.

आज मी सुईच्या नेढ्यात दोरा ओवताना त्याचे टोक ओठांत धरून ओले करते. कुणी अडवत नाही. त्या एवढ्याशा गोष्टीत केवढी लढाई आहे हे आठवले की वीस मिनिटांचा कंटाळा येत नाही. मुलगी त्यावर काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिने दोरा मागितला.

चिंधीला कमी लेखणारांना तथागतांच्या संघाकडेही पाहता येईल. भिक्खूजवळ असाव्यात अशा आठ वस्तूंमध्ये सुई आहे. टाकून दिलेली वस्त्रे गोळा करून, धुऊन, रंगवून शिवलेल्या चीवराला पांसुकूल चीवर म्हणतात आणि ते मानाचे मानले गेले. महावग्गात सांगितले आहे की, मगधातली बांधांनी आखलेली भातशेते पाहून भगवंतांनी आनंदांना विचारले, अशी चीवरे तयार करता येतील का? आनंदांनी तुकडे जोडून तसे चीवर करून दाखवले आणि भगवंतांनी त्यांच्या हुशारीची स्तुती केली. आजही चीवराच्या शिवणीत ते शेताचे बांध दिसतात. म्हणजे सुईदोरा हे केवळ बायकांचे काम नव्हे. आनंद शिवत होते, तर आपल्या घरातल्या पुरुषांनी निदान टाचायला बसायला हरकत नसावी!

चुल्लवग्गातली आणखी एक कथा मला फार आवडते. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्खू काय करणार, असे राजाला वाटले. त्याने एकामागून एक प्रश्न विचारले. आनंदांनी सांगितले की, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना ही वाटू. जुन्या चीवरांची पांघरुणे करू, जुन्या पांघरुणांचे गादीचे अभ्रे, जुन्या अभ्र्यांची जमिनीवरची अंथरुणे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडायची फडकी, आणि शेवटी ती फडकीही कुटून चिखलात कालवून लिंपण करू. राजाचे इतके समाधान झाले की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. माझ्या आईने ही कथा वाचली नव्हती. तिला अक्षरओळखही उतारवयात झाली. पण लुगड्याची गोधडी, गोधडीचे बसकर, बसकराचे पायपुसणे हा क्रम तिने आयुष्यभर पाळला.

एकटीने न होणारे काम चार हातांनी होते, हेही संघाकडूनच शिकावे. वर्षावासानंतर कठीण चीवरदान होते. त्यासाठी मिळालेले कापड कापून, शिवून, रंगवून त्याच दिवशी चीवर पुरे करायचे असा विनयाचा नियम आहे आणि त्याला सगळा संघ हात लावतो. 'कठिन' म्हणजे मुळात कापड ताणून शिवण्याची चौकट. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा फुटांची गोधडी पसरली की कपाटाचे दार उघडत नाही. म्हणून आम्ही काही जणींनी रविवारी विहारात थर घालायचे ठरवले. एका ज्येष्ठ उपासकांनी हरकत घेतली. "विहार धम्मासाठी आहे, शिवणकामासाठी नाही," असे ते म्हणाले. मी त्यांना कठीण चीवराची आठवण दिली. त्यांनी अट घातली की, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन पूर्ण झाल्याशिवाय सुई काढायची नाही आणि नंतर एक धागा जमिनीवर राहता कामा नये. अट रास्त होती, आम्ही ती पाळतो. पाच जणी बसलो की एका तासात थर घालून, टाचून होतात. पुढच्या रविवारी दुसरीची पाळी.

तिसरी गोधडी राहिली होती आईच्या लुगड्याची. २००६ साली धम्मदीक्षेला पन्नास वर्षे झाली तेव्हा आई ते पांढरे सुती नऊवारी नेसून नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. आई गेल्यावर ते पेटीत होते. भाऊ म्हणाला, "ताई, त्याला कात्री लावू नकोस. आठवण आहे." त्याचेही खरे होते. मी मावशीला विचारले. ती म्हणाली, "लुगडं पेटीत ठिवून कसर खाईल. तिनं कवा चिंधी वाया घालवली व्हती का? पर कात्री कशाला लावती? घडीच घाल की."

मावशीच्या या एका वाक्याने वाद मिटला. नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट. सहा फुटांच्या चार घड्या घातल्या की चोवीस फूट होतात आणि तीन फूट उरतात. तो पदर आम्ही पायाकडच्या बाजूला आत दुमडला. कात्री कुठेच लागली नाही. वर-खाली घरच्या सुती चादरी लावल्या आणि लुगडे अखंडच आत राहिले. भावाने स्वतः चार ओळी घातल्या. त्या जरा वाकड्या आहेत, उसवल्या नाहीत. ही गोधडी पायाकडे थोडी जाड झाली आहे, थंडीत पायांना ऊब लागते. ती आता मुलगी पांघरते.

भगिनींनो, चळवळीचे काम आणि घरचे काम यांत आपण नेहमी स्वतःच्या हातचे काम शेवटी ठेवतो आणि शेवट कधी येतच नाही. पूर्ण मोकळा दिवस मिळेल म्हणून वाट पाहू नका, कष्टकऱ्याला तो मिळत नसतो. येत्या आषाढ पौर्णिमेला गाठोडे खाली काढा. शेजारणीला, बहिणीला, भावाला टाचायला बोलवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुठले लुगडे कुणाचे, कुठल्या सालचे. ते सांगतील ते मुलांना ऐकू द्या. आणि मग रोज एक ओळ घाला. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी सुई कापडात टोचून ठेवा. दुसऱ्या दिवशी ती तिथेच सापडेल.

जयभीम! नमो बुद्धाय!