पोहऱ्यात कुठून आलं

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आमचे इंग्रजीचे सर वर्गाकडे बघून हे म्हणायचे आणि आम्ही हसायचो, कारण प्रत्येकाला वाटायचं की आड म्हणजे शेजारचा. आमची पिढी पाचवीला एबीसीडी गिरवणारी. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आम्ही चाळीत कांदा भरत होतो. भरल्या वर्गात मागच्या बाकावर बसलं की इंग्रजी अंगाला न लावून घेता दहावी होता यायचं. आता या वयात इंग्रजी शिकायला बसलो तर फोनच्या पडद्यावर एकट्या मॅडम आणि इकडे एकटा मी. मागे लपायला पुढचं डोकंच नाही.

मॅडम नाशिकच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. मराठीत बोलल्या की मला काका म्हणतात आणि तास सुरू झाला की सर. पुस्तक नसतं. माझ्याच दिवसावर प्रश्न असतात: आज काय केलंत, कुणाला भेटलात, काय खाल्लंत. उमराण्याला ट्रॉली नेली, बोली मनासारखी लागली नाही, माल द्यावा की परत आणावा या विचारात उन्हात उभा राहिलो, एवढं सांगण्याइतकं इंग्रजी माझ्याजवळ नाही. मग मी सांगतो, मार्केटला गेलो, छान होतं. जेवढी वाक्यं येतात तेवढ्यातच दिवस बसवायचा. त्यामुळे इंग्रजीतला मी फार सुखी माणूस आहे. सकाळी उठतो, चहा घेतो, मार्केटला जातो, हवा चांगली असते.

याचं मला काही वाटत नाही. पण एकदा त्यांनी विचारलं, लहानपणी तुम्हाला कशाची भीती वाटायची? मी अडखळत, काळ चुकवत सांगून गेलो, विहिरीची. वडील सुरुंगवाल्यांबरोबर तळाशी उतरायचे तेव्हा मी काठावर न जाता बांधावरच्या बाभळीला धरून उभा राहायचो. हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. मुळात हे मला ठाऊक होतं का, तेही आता सांगता येत नाही. आमच्याकडे कुणी असं विचारतच नाही. रस्त्यात कुणी भेटलं की ‘कथा चालना भो?’, कुठे निघालास एवढंच, आणि त्याला उत्तर म्हणून नुसती मान हलवली तरी चालते.

तर मग ते पोहऱ्यात आलं कुठून?

या म्हणीचं मी जरा जास्तच मनावर घेतलंय. आड आणि विहीर एक नव्हे. आड अरुंद, बांधलेला, घराजवळचा, पिण्याच्या पाण्याचा. विहीर शेतातली, ऐसपैस, जिच्यावर पूर्वी मोट चालायची. म्हण विहिरीची नाही, आडाची आहे, म्हणजे ती पाणी शेंदणाऱ्या बायकांकडून आली असणार. पोहरा रिकामा वर आला की दोष कुणाला द्यायचा, हा त्यांच्या रोजच्या व्यवहारातला प्रश्न. पण म्हण रचणारीनं गृहीत धरलं की आडात असतं ते आडाचं स्वतःचं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो आणि कितीतरी गावांत तो सरळ गावच्या विहिरीत रिकामा होतो. मग त्याच विहिरीतून लोक पाणी शेंदतात. आधी ओतायचं, मग काढायचं. चणकापूरच्या कालव्याला आवर्तन सुटलं की काठच्या विहिरींना आपोआप पाझर लागतो. ते पाणी पार कळवण तालुक्यातून, गिरणेवरच्या धरणातून आलेलं असतं. विहिरीचा मालक मात्र म्हणतो, माझ्या विहिरीला पाणी आलं.

शेतातल्या विहिरींचं तर आणखी विचित्र. शेजाऱ्यानं बोअर खोल नेला की भरलेली विहीर बसते. म्हणजे आडात काय आहे हे आडाला पाहून कळतच नाही. शिवाय पोहरा रिकामा यायला दोरी आखूड असणं हेही कारण असू शकतं, आणि ते आमच्या सरांना कधी सुचलं नाही.

शिकवणारा ही त्यातली दोरीच. त्यावरून मला आनाबाई आठवतात. अन्नपूर्णा तर्खड. तर्खडकर म्हटलं की जुन्या लोकांना भाषांतर पाठमाला आठवते, पण ही मुलगी डॉक्टर आत्माराम पांडुरंगांची. आत्माराम म्हणजे १८६७ साली प्रार्थना समाज काढणाऱ्यांतले, आणि त्यांचे थोरले बंधू दादोबा म्हणजे १८३६ साली मराठीचं व्याकरण छापणारे. अशा घरात १८७८ साली एक सतरा वर्षांचा बंगाली मुलगा राहायला आला. त्याला विलायतेला जायचं होतं आणि चारचौघांत बोलण्याजोगं इंग्रजी येत नव्हतं. थोरल्या भावानं, सत्येंद्रनाथांनी, त्याला मुंबईत या घरी ठेवला. विलायत पाहून आलेली आनाबाई त्याच्याहून थोडी मोठी. तिनं त्याला शिकवायचं. एक शिकवणारी, एक शिकणारा. व्याकरणकारांच्या घरात रोजच्या बोलण्याचा तास. रवींद्रनाथ टागोरांचा.

दादोबांचं व्याकरण तिथे कपाटात होतं का, जेवताना बोलणं इंग्रजीत चालायचं का, असल्या प्रश्नांत मी उगाच रमतो. मला खरं कुतूहल त्या तासांचं आहे. पुढे टागोरांनी म्हातारपणी लिहिलं ते इंग्रजीबद्दल फारसं नाहीच. विद्वत्ता दाखवण्याजोगी जवळ नव्हती म्हणून त्यानं तिला आपण कविता करतो हे कळू दिलं. तिनं आपल्यासाठी नाव मागितलं, त्यानं नलिनी दिलं, ते गाण्यात गुंफलं आणि गाऊन दाखवलं. म्हणजे शिकायला बसलेल्यानं शिकवणारीला काहीतरी देऊन टाकलं. सतरा वर्षांच्या मुलाला शिकवणीत काय काय विचारलं गेलं असेल? तुला काय आवडतं, असंही विचारलं असेल का? आणि मोडक्या इंग्रजीत उत्तर देताना त्याला स्वतःविषयी काही कळलं असेल का, की ते बंगालीत आधीच ठाऊक होतं?

सप्टेंबरात तो बोटीत बसला. दीडेक वर्षानं पदवी न घेता परत आला. आनाबाईचं लग्न हॅरोल्ड लिटलडेल या बडोद्यात शिकवणाऱ्या गृहस्थांशी झालं, पुढे ती परदेशी गेली आणि १८९१ साली एडिंबरात वारली. ‘गीतांजली’चं इंग्रजी टागोरांनी स्वतः केलं. १९१३ साली नोबेल मिळालं तेव्हा तिला जाऊन बावीस वर्षं झाली होती. त्या इंग्रजीत मुंबईतल्या तासांचा थेंबभर तरी अंश होता का, हे कोण सांगणार. माझा तरी कल आधी ‘हो’ म्हणण्याकडे होता. पण ज्यानं दीडेक वर्ष विलायतेत काढलं त्याच्या इंग्रजीचं श्रेय दोन महिन्यांच्या शिकवणीला द्यायचं म्हणजे टँकरनं नदी भरली म्हणण्यासारखं. आणि तरी त्यानं म्हातारपणी लिहिताना आनाबाईला मायेनं आठवलं, असं माझं वाचन सांगतं. माझं वाचन फार नाही.

मॅडमना मी हे सगळं सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, इंग्लिशमध्ये सांगा सर. मी सांगितलं: टागोर बॉम्बेला आले, मॅडमकडे इंग्रजी शिकले, छान होतं.

बायको म्हणते, तिला एवढं काय सांगता तासभर? मी म्हणतो, इंग्रजी. ती म्हणते, बघते मी, हसता पण. यात तिला खटकण्यासारखं काही नाही हे मला माहीत आहे. पण ते का नाही, हे सांगायला लागलो की विहिरीपाशी येऊन थांबतो. तिला विहिरीचं मराठीत सांगून पाहावं असं दोनदा मनात आलं. मराठीत ते वाक्य फार जड होतं. वडील त्यात येतात, सुरुंग येतो, त्या साली काढलेलं कर्ज येतं. इंग्रजीत नुसती भीती आली होती, बाकीचं सामान बांधावरच राहिलं होतं. मग खरं कोणतं सांगितलं मी? सामानासकटचं खरं, की सामान नसलेलं?

पुढच्या तासाचा विषय त्यांनी दिलाय, जिवलग मित्र. शाळेत यावर निबंध असायचा आणि सगळ्यांचे जिवलग मित्र हुशार, प्रेमळ आणि अभ्यासू असायचे. माझा तसा नव्हता. बांधावरून वाकडं आल्यापासून आमचं बोलणं नाही, आणि त्याचा बोअर माझ्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. निबंधातला मित्र इंग्रजीत पाठ करून ठेवलाय. तो म्हणून दाखवायचा की हा खरा काढायचा, ते तास सुरू झाल्यावर बघू. काल त्याचा पंप रात्रभर चालू होता.